एकवीस दिवस मागची चकती

त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांत जास्त मान कुणाला होता म्हणाल, तर माझ्या सुनेच्या दंडावर चिकटवलेल्या रुपयाएवढ्या चकतीला. सकाळी उठलं की देवाला हात जोडायच्या आधी मी शाल्मलीचा दंड बघायचे. ओजस, माझा मुलगा, तोंडात ब्रश तसाच ठेवून येऊन बघायचा. आणि कारंज्याहून आमच्या विहीणबाई, सुवर्णाताई, सात वाजता व्हिडिओ कॉल लावून लेकीला म्हणायच्या, "दंड दाखव व माय आधी. तोंड मंग पाहू."

चकतीवर आकडा होता चौदा. आणि तो हलायला तयार नव्हता.

जरा नीट सांगते, नाहीतर म्हणाल बाई अर्ध्यातूनच सुरू झाली. मी प्रणिता गावंडे. एकतीस वर्षं अकोल्यात अंगणवाडी सेविका होते. पोरांची वजनं केली, गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावल्या. ओजसचे बाबा नऊ वर्षांपूर्वी गेले. दोन हजार शेहेचाळीस साली शाल्मलीला दिवस गेले, तेव्हा मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि कुणाला तरी डोस पाजायची माझी हौस फार साचली होती. हे आधीच कबूल करून टाकते.

अकोल्याच्या उन्हाबद्दल मी काय सांगावं? पण आता मार्च ते जून दुपारबंदी असते. सकाळी अकराला भोंगा वाजतो आणि चारपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. शाळा, बाजार, कचेऱ्या, सगळं त्याच्या आधी नाहीतर नंतर. माणसं एसीत, काळ्या काचांच्या आड. त्यामुळे झालं काय, तर इतक्या उन्हाच्या गावात गरोदर बायांच्या अंगात उन्हाने बनणारं व्हिटॅमिन डीच सापडेना. म्हणून आरोग्य केंद्राने पाचव्या महिन्यात प्रत्येकीला ही चकती लावायला सुरुवात केली. चकतीच्या पोटाला केसाहून बारीक शंभर सुया असतात. त्या टोचत नाहीत, नुसत्या कातडीखालचं पाणी चाखतात आणि त्यातलं व्हिटॅमिन डी मोजून वर आकडा दाखवतात. तिसाच्या खाली रंग निळा, तीस ते साठ हिरवा, साठच्या वर पिवळा. शंभर झाले की लाल. लाल झाली की चकती बोंबलते आणि परस्पर आरोग्य केंद्रालाही कळवते.

चकती लावली त्या दिवशी मी शाल्मलीसोबत गेले होते. डॉक्टर ऋतुजा तायडे म्हणून एक चुणचुणीत बाई आहेत तिथे. त्यांनी चौदा बघून विचारलं, "उन्हात बसता की नाही?"

"रोज बसते," शाल्मली म्हणाली. "सकाळी सातला, गॅलरीत, अर्धा तास. आई बसवतात."

मी ऐटीत मान हलवली.

"गॅलरीला काच आहे?"

"आहे ना. नाहीतर एसी कसा टिकेल?"

डॉक्टरीण हसू दाबत म्हणाल्या, "मग तुम्ही गॅलरीत बसता, उन्हात नाही. उन्हातला जो किरण कातडीत व्हिटॅमिन डी बनवतो, तो काचेतून आत येतच नाही. आणि सकाळी सातला तो काचेबाहेरही नसतो. सूर्य तिरका असला की हवेच्या जाड थरातच तो अडकतो. सोपी खूण सांगते. तुमची सावली तुमच्याहून बुटकी झाली की समजा, आता ऊन कामाला लागलं."

बाप्पा! एकतीस वर्षं मी कोवळ्या उन्हाचं व्याख्यान दिलं होतं. निम्म्या अकोल्याच्या बाया सकाळी सातला ओसरीत बसवल्या होत्या. आता माफी मागायला कुणाकुणाच्या दारात जाऊ?

"म्हणजे साडेनऊ ते अकरा," शाल्मली म्हणाली. "तेव्हा माझ्या ऑफिसच्या मीटिंगा असतात. आणि एप्रिलमध्ये चार मिनिटांत भोवळ येते मला."

"म्हणून तर पुडी देते. दर रविवारी एक, दुधातून. दहा आठवडे. त्याहून जास्त नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघून समजावलं. पोटातल्या बाळाला स्वतःचं ऊन नसतं. आईच्या रक्तातून नाळेवाटे जे जाईल तेच त्याचं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची हाडं भरतात, त्याला कॅल्शियम लागतं, आणि खाल्लेलं कॅल्शियम रक्तात ओढून आणायचं काम व्हिटॅमिन डी करतं. ते कमी पडलं तर आईची हाडं दुखतात, अंगातला जोर जातो आणि बाळाची हाडं मऊ राहतात.

"मुडदूस," मी म्हणाले.

"हो, मुडदूस. पण घाबरू नका, वेळ आहे आपल्याकडे. आणि आकडा रोज बघू नका. कातडीखालचं माप रोज खालीवर होतं, म्हणून ही चकती मागच्या एकवीस दिवसांची सरासरी दाखवते."

हे वाक्य मी ऐकलं. म्हणजे, आमच्या मीटिंगांमध्ये साहेबांचं ऐकायचो तसं ऐकलं. मान डोलावली आणि सोडून दिलं. कारण माझ्या कानात 'मुडदूस' घुमत होतं.

ओजस दीड वर्षाचा झाला तरी उभा राहत नव्हता. राहिला तेव्हा त्याचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. पोटात होता तेव्हा मी दिवसभर पत्र्याच्या अंगणवाडीत आणि घरी एका अंधाऱ्या खोलीत असायचे, त्याचंच ते फळ. एकदा सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. रांगेत बसलेल्या ओजसकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याचे पाय असे कसे? कुणाचं पोर हे?" आणि मी म्हणाले, "शेजारचं आहे, मॅडम." माझ्या पोराला मी शेजारचं म्हणाले. औषधाने चौथ्या वर्षापर्यंत त्याचे पाय सरळ झाले. आज तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो. पण ते वाक्य माझ्या घशात अजून आडवं आहे.

तर अशी मी, आणि समोर चौदाचा आकडा.

पहिला रविवार गेला, चौदा. दुसरा गेला, पंधरा. तिसरा, पंधराच. लिफ्टमध्ये बायांचं आता "कितवा महिना?" बंद झालं होतं, "आकडा किती?" सुरू झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हैसनेबाईंच्या सुनेचा चव्वेचाळीस. ती मुद्दाम बिनबाह्यांचे कपडे घालायची. "पंधराच का हो?" म्हैसनेबाई मला म्हणाल्या, "खाऊ घालता की नाही काही?"

त्या दिवशी मी मेडिकलमधून पुड्यांचं पाकीट आणलं. व्हिटॅमिन डी पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं, हे मला कुणी शिकवायला नको. रव्याचे लाडू वळले, तूप सढळ. दोन लाडवांत मिळून एक पुडी. शाल्मलीला दिवसाआड दोन लाडू.

दुसऱ्याच घासाला ती थांबली. "आई, यात काही घातलंय का? शेवटी औषधासारखं लागतंय."

"जायफळ आहे गं," मी म्हणाले.

"असं होय," म्हणून तिने दुसरा लाडू उचलला. तिचा माझ्यावर इतका विश्वास होता. तिने शंका काढली असती, भांडली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या आठवड्यात आकडा हलला. एकोणीस. मग एकोणतीस. मग एकदम शेहेचाळीस, हिरवागार. घरात दिवाळी. ओजसने सोसायटीत पेढे वाटले, म्हैसनेबाईंना दोन दिले. सुवर्णाताईंनी कारंज्याच्या देवीला साडी वाहिली. शाल्मलीसुद्धा दंड पुढे काढून चालायला लागली. मला वाटलं, आता थांबावं. पण मी उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे डबे भरून ठेवणारी बाई. व्हिटॅमिन डी चरबीत साठून राहतं असं वाचलं होतं, मग म्हटलं राहू दे थोडं साठवणीला, बाळंतपणात कामी येईल.

आठव्या आठवड्यात आकडा अडुसष्ट झाला, रंग पिवळा. सुवर्णाताई फोनवर म्हणाल्या, "हळदीचा रंग आला व, शुभ हाय." शाल्मलीने मात्र केंद्रात फोन केला. तिथल्या सिस्टरने तिला रविवारची पुडी बंद करायला सांगितली. जेवताना तिने आम्हाला सगळ्यांना सांगितलं, "माझी पुडी आजपासून बंद." ओजसने मान हलवली. फोनवरून सुवर्णाताईंनी हलवली. मी पण हलवली, आणि दिवसाआडचे लाडू आठवड्यातून दोनदा केले. एकदम कसे बंद करायचे?

सातवा महिना लागला तशी शाल्मलीला तहान लागायला लागली. साधी नव्हे, तांब्यामागून तांब्या. शिवाय ओकाऱ्या परत सुरू झाल्या, पोट साफ होईना, दुपारभर मरगळून पडायची. आम्हाला काय वाटलं असेल? डोहाळे! कुणाला चिंचेचे लागतात, कुणाला मातीचे, हिला पाण्याचे लागले. मी वाळ्याचं पाणी केलं. ओजसने शहाळी आणली. सुवर्णाताई तर आपल्या विहिरीच्या पाण्याचा माठ मांडीवर घेऊन कारंज्याहून बसने आल्या आणि राहिल्याच. "पाण्याचे डोहाळे लागले का पोर शांत निपजते," म्हणाल्या. हे शास्त्र त्यांनी कुठून काढलं देव जाणे, पण आम्हाला पटलं.

पाण्याचे डोहाळे, म्हणून डोहाळजेवण नावेतलं ठरलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये ओजसने बांबू आणि पुठ्ठ्याची नाव बांधली. माझ्या तीन निळ्या साड्या लाटा म्हणून अंथरल्या. शाल्मलीला हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात वल्हं. ती नावेत बसली तेव्हा इतकी गोड दिसत होती की मी कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. चेहरा उतरलेला होता, ओठ कोरडे होते, पण हसत होती पोर. बायांनी ओटी भरली, गाणी म्हटली. म्हैसनेबाईंनी उखाणा घ्यायचा म्हणून घेतला आणि मध्येच विसरल्या, त्यावर हॉल खदखदून हसला. मग सुवर्णाताईंनी दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

शाल्मलीने हात पुढे केला आणि दंडावरची चकती बोंबलली.

आधी कुणाला कळेचना. कुणीतरी म्हणालं, फोन वाजतोय. मग फुलांच्या बाजूबंदाखालून लाल उजेड दिसला. ओजसने फुलं बाजूला केली. एकशे दोन. गाणी थांबली. दहा मिनिटांत केंद्राची गाडी खाली उभी होती आणि शाल्मली हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांसकट गाडीत बसली. बर्फी की पेढा ते राहूनच गेलं.

केंद्रात तिचं रक्त घेतलं. वीस मिनिटांत डॉक्टर तायडे कागद घेऊन आल्या. या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"रक्तातला आकडा एकशे एकाहत्तर आहे."

"पण चकतीवर तर एकशे दोन..." ओजस म्हणाला.

"चकती मागच्या एकवीस दिवसांची सरासरी सांगते, हे मी सांगितलं होतं. घरी गिझरचा नळ कसा असतो? गरम पाणी यायला वेळ लागतो. माणूस धीर सोडून नळ आणखी सोडतो, आणखी सोडतो, आणि मग एकदम चटका बसतो. तसं झालंय. पण रविवारच्या एका पुडीने एवढं होत नाही. आणि उन्हाने तर कधीच होत नाही. पुरेसं झालं की कातडी जास्तीचं मोडून टाकते. हे पोटातून गेलंय." त्या शाल्मलीकडे वळल्या. "कॅल्शियमही फार वाढलंय. म्हणून ती तहान, त्या ओकाऱ्या. ते डोहाळे नव्हते."

मी सुवर्णाताईंकडे बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

"आता मला कारण हवंय," डॉक्टर म्हणाल्या. "जास्तीची पुडी पोटात गेली असेल तर उपाय सरळ आहे. सलाईन, पाणी, आणि वाट बघणं. पण तसं नसेल, तर मला गळ्यातली गाठ शोधावी लागेल, आणखी चार आजार शोधावे लागतील. सातव्या महिन्यात हिला तपासण्यांसाठी नागपूरला हलवावं लागेल. घरात हिला कुणी काही देतंय का?"

शाल्मली ठामपणे म्हणाली, "नाही डॉक्टर. मी स्वतः पुडी बंद केली. घरी सगळ्यांना सांगितलंय. आमच्याकडे कुणी असं करणार नाही."

गप्प बसले तर कुणाला कळणार नव्हतं. बोलले तर ही पोर पुन्हा माझ्या हातचं पाणी पिणार नव्हती, आणि नातवंडाला माझ्या हातात देताना हिचा हात कचरणार होता. विहिणीसमोर नाक जाणार ते वेगळंच. पण एकदा माझ्या पोराचे पाय माझ्यासमोर होते आणि मी 'शेजारचं आहे' म्हणाले होते. दुसऱ्यांदा ते करायचं नव्हतं.

"मी देत होते," मी म्हणाले. "लाडवातून. दिवसाआड एक पुडी, नंतर आठवड्याला दोन. शाल्मली, तू विचारलंस तेव्हा मी जायफळ म्हणाले. ते जायफळ नव्हतं. मी खोटं बोलले गं."

शाल्मली माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेवढ्यात माझ्या शेजारी बांगड्या वाजल्या.

"म्या बी टाकली," सुवर्णाताई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "म्या धाडलेल्या करंज्यांच्या सारणात. दर डब्यात दोन पुड्या. मले वाटलं, सासरी लक्ष कोण देते?"

"मम्मी!" शाल्मली म्हणाली.

डॉक्टर तायडेंनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश ओजसकडे वळल्या. ओजसचे कान लाल झाले होते. "मिल्कशेकमध्ये," तो पुटपुटला. "फक्त शनिवारी. आणि... बुधवारी."

मी तुम्हाला सांगते, त्या घटकेला सिस्टर पाठ करून उभी राहिली, कारण तिला हसू आवरेना. शाल्मलीला मात्र हसू आलं नाही. फुलांचा मुकुट काढून तिने टेबलावर ठेवला.

"माझ्या पोटात बाळ आहे," ती म्हणाली. "रांजण नाही, की येता-जाता ज्याने त्याने तांब्या ओतावा. तुम्ही तिघांनी माझा दंड बघितला. माझं तोंड कुणी बघितलं? मी दोन आठवडे म्हणतेय, मला बरं वाटत नाही. तुम्ही नाव बांधत होतात."

तिचं एकूण एक अक्षर खरं होतं.

सहा दिवस सलाईन चाललं. दूध बंद, नाचणी बंद, ऊन बंद. बाळाचे ठोके व्यवस्थित होते, हाच काय तो आधार. डॉक्टरांनी पुढची गोष्टही लपवली नाही. आपल्या गळ्यात छोट्या ग्रंथी असतात, त्या कॅल्शियम कमी झालं की जाग्या होतात. आईच्या रक्तात कॅल्शियम फार असलं की बाळाच्या ग्रंथी झोपून राहतात, त्यांना कामच पडत नाही. जन्मल्यावर नाळ कापली की आईचा पुरवठा बंद होतो. तेव्हा त्या जाग्या झाल्या नाहीत, तर बाळाला झटके येऊ शकतात. "जन्मानंतरच्या तीन दिवसांत कळेल," म्हणाल्या. "तोवर आकडा खाली आणू."

घरी आल्यावर शाल्मलीने राज्य हातात घेतलं. चकतीवर कापडी पट्टी बांधली. आकडा तिला आणि डॉक्टरांना, बाकी कुणाला नाही. ताट ती स्वतः वाढून घेई. आणि फ्रिजवर एक कागद लावला. वर लिहिलं, 'मला काहीही द्यायचं असेल तर आधी इथे लिहा.' पहिले आठ दिवस मी त्या कागदाकडे बघितलं की मान खाली जायची. मग हळूहळू त्याची गंमत व्हायला लागली. 'केळं एक. आई.' त्याखाली 'अर्धं केळं, तिने उरवलेलं मी खाल्लं. ओजस.' सुवर्णाताई कारंज्याला परतल्या होत्या, त्या तिथून फोनवर लिहून घ्यायला लावायच्या, "लिहा विहीणबाई, काकडी चार फोडी, मीठ न लावता, माझ्या सांगण्यावरून." एकदा मी 'पाणी एक पेला' लिहिलं, तर संध्याकाळी शाल्मलीने त्याखाली लिहून ठेवलं होतं, 'पाण्याला परवानगी लागत नाही, आई.' ते वाक्य मी चारदा वाचलं. स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि पुन्हा येऊन पाचव्यांदा वाचलं.

मला आकडा माहीत नव्हता, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघायला शिकले. तहान कमी झाली ते मला चकतीच्या आधी कळलं. ओठ ओले दिसायला लागले, दुपारी ती ओजसशी भांडायला लागली, म्हणजे बरी होती. मी तिला विचारायचे, "आज कसं वाटतंय गं?" आणि ती सांगायची. इतकं सोपं काम होतं ते.

सप्टेंबरात मुलगी झाली. तीन किलोला शंभर ग्रॅम कमी. रडली ती अशी की बाहेर बसलेल्या सुवर्णाताई म्हणाल्या, "थे पोर शांत निपजते म्हणणारी म्या, माझी जीभ झडो." पण आमचं हसू अर्धंच होतं. सहा तासांनी टाचेतून रक्त घेतलं, मग चोवीस तासांनी, मग अठ्ठेचाळीस. प्रत्येक वेळी कॅल्शियम जरा खाली. मी काचेतून तिच्या हातापायांकडे बघत उभी राहायचे. पाय हलला की दचकायचे, नाही हलला की जास्त दचकायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तायडे कागद हलवत आल्या. कॅल्शियम वर चढलं होतं, आपलं आपण. छोकरीच्या ग्रंथी जाग्या झाल्या होत्या. सुवर्णाताईंनी माझ्या गळ्यात पडून अख्खं केंद्र डोक्यावर घेतलं, आणि सिस्टरने आम्हा दोघींना बाहेर काढलं.

बारशाला तिचं नाव मिहिका ठेवलं, म्हणजे दव. उन्हाने एवढा घोळ घातल्यावर कुणी सूर्याचं नाव सुचवायला धजलंच नाही.

सव्वा महिना झाल्यावर तिला तपासणीला नेलं. मायलेकी ठणठणीत. मिहिकाचे पाय डॉक्टरांनी ओढून सरळ केले, तर तिने झटक्यात परत पोटाशी घेतले. मग डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक छोटी बाटली काढली. "अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधातून व्हिटॅमिन डी पुरेसं जात नाही. हिचा आकडा आता नॉर्मल आहे, तो तसाच राहावा म्हणून रोज एक थेंब द्यायचा. एकच. रोज कोण देणार, ते एकाने पक्कं ठरवा."

ओजसने हात पाठीमागे घेतले. सुवर्णाताईंनी पदराखाली घेतले. मी तर दोन पावलं मागेच सरकले. शाल्मलीने आमच्या तिघांकडे बघितलं आणि किती महिन्यांनी मोकळी हसली.

"आई देतील," ती म्हणाली.

"नको गं," मी म्हणाले. "तू दे. माझ्या हाताचा काय भरवसा?"

"तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून मला नागपूरला हलवावं लागलं नाही. हे दोघं तुमच्यानंतर बोलले. मला राग आला होता, अजूनही कधीकधी येतो. पण हिच्या बाबतीत काही चुकलं तर मला कोण सांगेल, हे मला माहीत आहे." तिने बाटली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटली. "आत्ताच द्या पहिला."

मी झाकण काढलं. मिहिका ओजसच्या हातावर होती, तोंड उघडून माझ्याकडे बघत होती. एक थेंब तिच्या जिभेवर पडला. तिने तो चाखला, नाक मुरडलं आणि आणखी हवं तसं तोंड पुन्हा उघडलं. थेंब केवढा म्हणाल, तर ज्वारीच्या दाण्याएवढाही नाही. इतक्या मोठ्या घराण्याच्या नातीला एवढासा थेंब. माझा हात बाटलीसकट तिच्या तोंडावर क्षणभर तसाच राहिला. खोलीत सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी कुणाकडे बघितलं नाही. पोरीच्या तोंडाकडे बघितलं. छान होतं तोंड, ओलं, गुलाबी, आणि तिला काहीही कमी नव्हतं.

"एक," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि झाकण घट्ट लावलं.

बाटली परत द्यायला हात पुढे केला, तर शाल्मलीने ती घेतली नाही. पोरीला घेऊन ती दाराकडे निघाली होती.